थँक्सगिव्हिंगला पहिल्यांदाच टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) भाजताय ना?

घाबरू नका, फक्त सुरुवात रविवारी करा. थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला सण गुरुवारी, आणि १२ पौंडांच्या गोठलेल्या टर्कीचा बर्फ फ्रीजमध्ये सुटायला पुरते ३ दिवस लागतात. माझी पहिली टर्की बाहेरून खरपूस, आतून बर्फ! शिवाय टर्कीच्या पोटात भरून दिलेली मान-काळजाची पिशवी काढायची राहिली, तीही भाजून निघाली.

- टर्की धुऊ नका, शिंतोडे सिंकभर उडतात. कागदाने कोरडी टिपा.
- थर्मामीटर घ्याच. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, १६५ अंश फॅरनहाइट. रंगावर जाऊ नका.
- ओव्हनमधून काढल्यावर अर्धा तास सुरी लावायची नाही. तेवढ्यात ट्रेमधल्या रसाची ग्रेव्ही होते.

क्रॅनबेरी सॉस बुधवारीच उरका. १२ औंसांची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी. बेरी फटफट फुटायला लागल्या की दहाएक मिनिटांत गॅस बंद. पातळ दिसला तरी आटवत बसू नका. गार झाला की मोरांब्यासारखा आपोआप धरतो.

सोबत कुस्करलेले बटाटे आणि स्टफिंग (पावाच्या तुकड्यांचं सारण), बस्स. पम्पकिन पाय (भोपळ्याचा गोड पदार्थ) सरळ विकत आणा, कुणी नावं ठेवत नाही.