व्याकरणाची सात पुस्तकं आणि मांजराची वही

"मॅडम, यातलं नेमकं कुठलं शिकवू, तेवढंच सांगा," असं म्हणत एका आईने कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. सात पुस्तकं निघाली. दोन अमेरिकेतून मागवलेली, खास घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी छापलेली. एक इंग्लंडमधलं. दोन आपल्याकडच्या इंग्रजी शाळांत चालणारी वर्कबुकं. एक मराठी व्याकरणाचं, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठीचं. आणि सगळ्यात खाली आजोबांचं, बांधणी सुटलेलं रेन अँड मार्टिन, म्हणजे इंग्रजी व्याकरणाचं जुनं जाडजूड पुस्तक. मुलगी साडेनऊ वर्षांची. पहिलीनंतर शाळा सोडून घरीच शिकणारी.

मुलांना घरी शिकवणारे पालक माझ्याकडे येतात तेव्हा व्याकरणाचा विषय हमखास निघतो, आणि तो बहुतेक वेळा 'कुठलं पुस्तक घेऊ' असाच निघतो. ही हकिकत त्या आईच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. तिने पुस्तक विचारलं आणि मी पुस्तक सांगितलं. अमेरिकेतल्या एका संचातली रंगीत मांडणी मला आवडली, तोच मी पुढे सरकवला. सहा आठवड्यांनी ती परत आली तेव्हा आठवं पुस्तक विकत घेऊन झालं होतं, आणि रोज सकाळी दहा वाजले की घरात रडारड होत होती. मुलीने काय लिहिलंय हे मी पाहिलंच नव्हतं.

मग मी विचारलं, "तिने स्वतःहून काही लिहिलेलं आहे का? अभ्यास म्हणून नाही, असंच?"

पुढच्या वेळी तिने एक शंभरपानी वही आणली. मुखपृष्ठावर पेन्सिलने काढलेलं मांजर. आत एका पानावर लिहिलं होतं: 'टाकीखाली मांजरनी तीन पिल्लं दिली. एक पिल्लूचा डोळा उघडत नाही. मी आणि बाबा दूध नेलं.' खाली इंग्रजीत: 'येस्टरडे आय डिड नॉट वेंट ऑन टेरेस. कॅट वॉज अँग्री.' त्याच आठवड्यातलं वर्कबुकचं पान मी शेजारी ठेवलं. नामांखाली रेघा मारा, वीसपैकी वीस. विशेषणं ओळखा, वीसपैकी एकोणीस.

ही दोन पानं आईने खूप वेळ पाहिली.

मराठीतल्या पहिल्या दोन वाक्यांत एकच गाठ आहे. प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं जे रूप बदलतं, ते सामान्यरूप तिच्या जिभेवर पक्कं बसलेलं नाही. 'पिल्लू'चं 'पिल्ला' होतं, म्हणून 'पिल्लाचा'. त्याच्या मागचं 'एक'सुद्धा बदलतं, 'एका पिल्लाचा'. आणि तिसऱ्या वाक्यात 'बाबा'ला तर प्रत्ययच लागलेला नाही, तिथे 'बाबांनी' हवं. आता वर्कबुकं काय शिकवत होती? नाम म्हणजे काय, नामाचे प्रकार किती. मुलीला लागत होतं एक आणि ताटात पडत होतं दुसरंच.

घरात मराठीच बोलतात, मग असं का? विचारल्यावर कळलं, गेली दोन वर्षं ती फक्त इंग्रजी गोष्टींची पुस्तकं वाचते, आणि धाकटा झाल्यापासून रात्री मराठी गोष्ट वाचून दाखवणं बंद पडलंय. ज्या भाषेत आपण वाढतो तिचं व्याकरण कानातून येतं. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, हे चार वर्षांच्या पोरालाही कुणी शिकवावं लागत नाही. त्याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे खूप नंतर कळलं तरी काही बिघडत नाही. पण कानावर पडणंच आटलं, तर ती जागा कुठलंही वर्कबुक भरून काढत नाही.

इंग्रजीचं गणित वेगळं, आणि परदेशी संच घेताना नेमकी इथेच फसगत होते. ते संच ज्या मुलांसाठी लिहिलेले असतात, त्यांच्या घरात दिवसभर इंग्रजी चालतं. म्हणून त्यात जागोजागी असतं, दोन्ही वाक्यं मोठ्याने वाच आणि कुठलं बरोबर वाटतं ते सांग. आपल्या मुलीला दोन्ही सारखीच वाटतात! मराठीत 'अ', 'अॅन', 'द' नाहीतच, त्यामुळे 'कॅट वॉज अँग्री' तिच्या कानाला अजिबात खटकत नाही. त्या संचांत या तीन शब्दांना जेमतेम एखादं पान असतं, आणि वाक्यातले शब्द रेघांवर मांडून वाक्याच्या आकृत्या काढायला मात्र पानंच्या पानं. रीड आणि केलॉग यांनी १८७७ मध्ये मांडलेली ती पद्धत काही मुलांना कोड्यासारखी आवडते, हे मी पाहिलंय. पण आपल्या मुलांसाठी अशा पुस्तकाची पानं जास्त हवीत ज्यात 'डिड'नंतर क्रियापद मूळ रूपात येतं, प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलते, 'ऑन' कुठे आणि 'इन' कुठे, हे उघड करून सांगितलेलं असेल. भारतात भारतीय मुलांसाठी तयार झालेली साधी पुस्तकं इथे सहसा जास्त कामाला येतात, छपाई कितीही फिकी असो.

हे बोलणं चाललं असताना आई अचानक म्हणाली, "मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. पहिल्या नोकरीत मी एका मेलमध्ये 'डिड नॉट रिसीव्हड' लिहिलं. तो मेल अख्ख्या टीमला गेला. महिनाभर हसत होते सगळे. माझ्या लेकीला कुणी असं हसायला नको."

आठ पुस्तकांचा हिशोब मला तेव्हा लागला. त्या दिवशी आम्ही पुस्तकांबद्दल पुढे काहीच बोललो नाही. लाज वाटण्यासारखं तिने काहीही केलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं, आणि आजही त्या हसणाऱ्यांचा मला राग येतो.

नंतर आम्ही दोघींनी मिळून जे ठरवलं ते फार मोठं नव्हतं. रात्री वीस मिनिटं मराठी वाचून दाखवायचं, धाकट्यालाही मांडीवर घेऊन. बालभारतीची चौथी-पाचवीची मराठीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची. ती फुकट मिळतात, आणि त्यात व्याकरण धड्याच्या पोटातूनच येतं. इंग्रजीचं एकच पुस्तक ठेवायचं, तेही पहिल्या पानापासून न करता मांजराच्या वहीत जी चूक वारंवार दिसेल तेवढाच भाग काढून. एका वेळी एकच चूक. बाकीच्या दिसल्या तरी लाल पेन उचलायचं नाही.

आणि जेवताना वाक्यं जोडण्याचा खेळ. 'पाऊस पडत होता. आम्ही गच्चीवर गेलो.' याचं एक वाक्य कर. मुलगी म्हणाली, पाऊस पडत असताना गेलो. बाबा म्हणाले, पाऊस पडत होता तरी गेलो. आई म्हणाली, पाऊस पडायला लागल्यावर गेलो. तिन्हींचा अर्थ वेगळा, आणि तो का वेगळा यावर भाजी गार होईपर्यंत वाद. हे मी मनाने सांगत नाही. ग्रॅहम आणि पेरिन या संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात वाक्यं जोडण्याच्या सरावाने लेखन सुधारलेलं दिसलं आणि सुटं व्याकरण शिकवल्याने सुधारलेलं दिसलं नाही.

आजोबांची समजूत काढणं राहिलं होतं. ते निवृत्त शिक्षक. "प्रयोग ओळखता येत नाहीत, दहावीला काय करणार?" त्यांची काळजी खोटी नव्हती. मी त्यांना भेटायला बोलावलं. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी द्यायची तर वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे हातात साडेचार वर्षं आहेत. व्याख्या आणि प्रकार त्यातल्या शेवटच्या वर्ष-दीड वर्षात नीट होतात, कारण तोवर मुलांना नावं द्यायला भाषा साठलेली असते. रेन अँड मार्टिनच्या नावातच 'हायस्कूल' आहे, हे मी दाखवलं तेव्हा त्यांनी ते पुस्तक हातात घेतलं, मागची काही पानं चाळली आणि म्हणाले, "तेराव्या वर्षी मीच शिकवीन." ते त्यांच्याकडेच ठेवायचं ठरलं.

चार महिन्यांनी आईने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. 'एका पिल्लाचा डोळा आता उघडला.' इंग्रजीत अजून 'कॅट' 'द'शिवाय एकटीच होती. खाली तिने लिहिलं होतं, घरात भांडण लागलंय: आजोबा म्हणतात 'ते मांजर', मी म्हणते 'ती मांजर', आणि लेक विचारतेय की पिल्लं दिली तर 'ते' कसं? मी कळवलं, दोन्ही चालतं, आता घरात कोण कोण काय म्हणतं ते तिलाच लिहून काढू दे. संध्याकाळी यादी आली. शेजारच्या काकू आणि दूधवाले काकासुद्धा त्यात होते.