फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर नागपूरच्या उन्हाळ्यात काय जपावं?

तुम्ही विचारलंय की बाबांचं फुफ्फुस प्रत्यारोपण झालंय, एप्रिलमध्ये ते नागपूरला घरी येतील, तर कूलर आणि संत्री चालतील का?

कूलर नकोच. 45 अंशांत हे ऐकायला जड जातं, माहीत आहे. पण ओल्या ताट्यांत आणि टाकीतल्या साचलेल्या पाण्यात बुरशी नि जिवाणू वाढतात आणि पंखा तेच खोलीभर फेकतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे ॲस्परजिलससारखी बुरशी नव्या फुफ्फुसात सहज मूळ धरते. त्यांच्या खोलीत एसी लावा, जाळी धूत राहा. शेजारच्या खोलीतला कूलरही बंदच बरा.

आपलं संत्रं साधारणपणे चालतं, मात्र घरी धुऊन, सोलून. गाडीवरचा रस नको. ग्रेपफ्रूट आणि पपनस पूर्ण वर्ज्य, त्यांनी टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या त्यांच्या गोळीची) रक्तातली पातळी वाढते. ही गोळी बारा-बारा तासांनी, ठरल्या वेळेलाच. पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. हे घाईत हमखास विसरतं, म्हणून डबीवर चिठ्ठी लावा.

पाणी किती प्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. टॅक्रोलिमस मूत्रपिंडांना त्रास देतं, त्यात शरीर कोरडं पडलं तर जास्तच.

आणि घरचा स्पायरोमीटर (फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायचं यंत्र) रोज, एकाच वेळी. आकडा नेहमीपेक्षा 10 टक्के घसरला किंवा ताप 100.4 फॅरनहाइटला गेला, तर बाबा ‘बरं वाटतंय’ म्हणाले तरी त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा.