द्राक्ष बागायतदार संघाचे पदाधिकारी कुठून येतात? त्यासाठी शेतीची पदवी लागते का?

पदवी लागत नाही, बाग लागते. खरं तर इथंच उत्तर संपलं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पुतण्या कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, त्याला राजकारणाची आवड आहे, आणि संघाचं पद मिळालं तर त्यावरून पुढं जिल्हा परिषद गाठता येईल का. हे वाचून राहवलं नाही. हाच वाद आमच्या घरात गेली कित्येक वर्षं चाललाय.

कोल्हापुरात नेता कसा घडतो हे काही मी सांगायला नको. गावच्या विकास सोसायटीत संचालक, मग दूध संस्थेचा ठराव, म्हणजे संस्थेच्या वतीनं मत द्यायचा हक्क, स्वतःच्या नावावर, मग कारखान्याच्या पॅनेलमध्ये जागा, नशीब जोरावर असेल तर जिल्हा बँक. मतदानाआधी ठरावधारकांच्या सहली आणि निकालादिवशी जेसीबीतून गुलाल. याला कारण आहे. तुमच्या उसाला तोड कधी मिळणार, कर्जाचं नवं-जुनं (जुनं भागवून नवं घेणं) कधी होणार, या चाव्या त्या लोकांच्या हातात असतात. द्राक्ष संघाच्या अध्यक्षाकडं यातली एकही चावी नाही. तो तुमचं बिल अडवू शकत नाही आणि सोडवूही शकत नाही. मग लोक त्याला विचारतात कशासाठी? तर त्याचा प्लॉट बघून.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० चा. मुख्यालय पुण्यात, आणि विभाग चार: नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर. कोल्हापूर विभाग नाही. आपल्याकडचा पाऊस द्राक्षाला झेपत नाही, इथं डावणीच (ओलाव्यात वाढणारा बुरशीचा रोग) बाग खाऊन टाकेल. त्यामुळं तुमच्या पुतण्याला जे काही करायचंय ते सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात जाऊन करावं लागेल. तिकडं जमीन आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

या धंद्यातली जुनी मोठी नावं बघा. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे, ज्यांनी 'सोनाका' ही जात दिली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे, ज्यांच्या बागेतून 'तास-ए-गणेश' आली. दोन्ही वाण थॉमसन सीडलेसमधूनच निवडलेले. बागेत हजारो काड्या असतात, त्यातल्या एखाद्या काडीचा मणी इतरांपेक्षा लांब दिसतो. हजारजण तो बघून पुढं जातात. एखादा थांबतो, काडीला खूण बांधतो, पुढच्या छाटणीला तिचे डोळे भरतो, म्हणजे कलम करतो, आणि नंतर काही वर्षं गप्प राहून बघत बसतो. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ चं. त्याच्या आधीची ही माणसं. लोकांनी यांना मानलं ते यामुळं. खुर्ची असणं-नसणं ही नंतरची गोष्ट.

साधारण वाट अशी असते. तुमची बाग चांगली येते. एप्रिलची खरड छाटणी (काडी तयार करायची) आणि ऑक्टोबरची गोड छाटणी (फळ धरायची) झाली की लोक मोटारसायकलींवरून प्लॉट बघायला येतात. तुम्ही काही न लपवता सांगता, कुठली फवारणी कधी, मणी फुगवणाऱ्या जीए संजीवकात घड बुडवायचे तर ते किती पीपीएमचं, मण्यांची विरळणी कुठल्या अवस्थेत. मग चर्चासत्रात दोन शब्द बोलायला बोलावतात. मग तालुक्यातली कामं अंगावर पडतात, मग विभागाचं संचालकपद, मग पुणं. १९९१ मध्ये द्राक्ष निर्यातीसाठी बागायतदारांच्या सहकारी संस्थांची महाग्रेप्स उभी राहिली आणि निर्यात वाढली, तसा दुसरा एक रस्ता झाला: पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज, युरोपातले खरेदीदार सांभाळत मोठी झालेली माणसं. द्राक्ष निर्यातदारांच्या संघटनेचे जगन्नाथ खापरे हे त्या वाटेवरचं ठळक नाव. आणि शिकलेले नसतात असंही नाही. नाशिकच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीचे विलास शिंदे कृषी अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिकलेत. पण त्यांनीही आधी द्राक्षं पिकवली आहेत.

आता आमच्या मामांचं सांगतो. ते तासगाव तालुक्यातले. संघाच्या सांगली विभागात काही वर्षं संचालक होते. शिक्षण जुनी अकरावी.

एका हंगामात गावात परराज्यातला एक व्यापारी आला. सुरुवातीला रोख पैसे, दरही बाकीच्यांपेक्षा किलोमागं थोडा चढा. गाव खूश. मग रोखीच्या जागी चिठ्ठ्या सुरू झाल्या, 'आठ दिवसांत देतो' म्हणून. आणि ऐन मार्चमध्ये फोन बंद. गोडाऊन उघडलं तर आत रिकामी खोकी आणि रद्दीचा ढीग. मामांनी त्या वर्षी सगळा माल बेदाण्याला टाकला होता. त्यांचा एक रुपया अडकलेला नव्हता. तरी अख्खं गाव त्यांच्याच ओसरीवर येऊन बसलं, आणि कारखान्याचा कुणी संचालक तिकडं फिरकला नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: पुरावा काय? चिठ्ठ्यांवर नुसता आकडा आणि खाली एक वेडीवाकडी सही. मी तेव्हा कॉलेजात होतो, अक्षर बरं म्हणून लिहायला मला बसवलं. नाव, तारीख, चार किलोच्या पेट्या किती, दर काय. एका म्हातारीची चिठ्ठी नातवाच्या शर्टाबरोबर धुतली गेली होती, कागदाचा नुसता लगदा. मामांनी तिला विचारलं, "आक्का, खोकी कुठनं आणलीस?" मग तासगावात ज्या दुकानातून तिनं रिकामी खोकी आणली होती तिथली उधारीची वही मागवली. त्यातून शिल्लक राहिलेली खोकी वजा केली. खुड्याला, म्हणजे घड तोडायला, आलेल्या बायकांची हजेरी तिच्या सुनेनं भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली होती, ती जाऊन बघितली, आणि एक बाई दिवसाला किती पेट्या भरते त्यावरून ताळा जमवला. आकडा एवढा जवळ आला की हवालदारानंही मान हलवली. हे कुठल्याही पदवीच्या अभ्यासक्रमात नाही. ज्यानं स्वतः खुडा केलाय त्यालाच खोक्यांच्या हिशोबावरून माल शोधायचं सुचतं.

पैसे सगळे आले नाहीत. त्या व्यापाऱ्याला गावात आणणारा मध्यस्थ जवळच्याच गावचा होता, त्याच्याकडून हप्त्याहप्त्यानं काही निघाले, बाकीचे बुडाले. पण पुढच्या हंगामापासून गावात ठरलं की पैसे हातात पडल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि ते आजही पाळतात.

त्याच वर्षी मामांच्या मुलीचं लग्न होतं. आमचे दाजी करवीर तालुक्यातले, तेव्हा नुकतेच कारखान्यावर निवडून आलेले. पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, एवढी ऊरस्फोड केलासा, पर मतं किती वाढली म्हणायची?" मामा वाढप्याला म्हणाले, "जावईबापूंना जिलेबी वाढ की रं." लोक हसले, विषय मिटला. माझा मिटला नाही. दाजींचं म्हणणं आजही तेच, की ज्या पदातून पुढचं पद मिळत नाही ते पद फुकट. तुमच्या प्रश्नातही मला तेच ऐकू आलं, म्हणून एवढं लांबलं.

आणखी एक गोष्ट, कुणाला राग आला तर येऊ दे. औषध विकणाऱ्यानं संघाच्या पदावर बसू नये. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या, म्हणजे आपल्या सीसीसीच्या अंशामुळं. खरड छाटणीनंतर वाढ रोखायला, घड जास्त धरावेत म्हणून ते सर्रास मारलं जायचं. अशा वेळी शेतकऱ्याला 'हे मारू नको' म्हणून ठणकावून सांगणारा माणूस लागतो. ज्याच्या गल्ल्यात त्याच बाटलीचे पैसे जाणार, तो किती ठणकावणार?

हे लिहिताना सांगून टाकतो, माझं स्वतःचं मार्केट यार्डाजवळ ठिबकचं दुकान आहे, म्हणजे विकणाऱ्यांत मीही आलोच. आणि औषधवाले सगळे तसले नसतात, काहींनी वेळेला फवारणी थांबवून बागा वाचवल्यात. दुसरं म्हणजे, पदवीचा उपयोग होत नाही असंही माझं म्हणणं नाही. अपेडाशी (शेतमाल निर्यातीचं केंद्र सरकारी प्राधिकरण) पत्रव्यवहार, त्यांच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर निर्यातीच्या बागेची नोंदणी, विम्याचे निकष, बांगलादेशनं आयातशुल्क वाढवलं की दिल्लीला पाठवायचं निवेदन, ही कामं आता इंग्रजी आणि आकडेवारीशिवाय होत नाहीत. मामांच्या पिढीला तिथं अडायचं. तुमचा पुतण्या तिथं कामाला येईल.

तेव्हा त्याला सांगा, येत्या एप्रिलला तासगावकडं एखाद्या बागेत खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत राहायला जा. सबकेन करताना (काडीवर दुसरी फूट घेताना), शेंडा मारताना, उन्हात काड्या मोजताना कंटाळला तर प्रश्न तिथंच सुटेल. टिकला तर पाच-सात हंगामांनी लोक आपणहून बोलावतील. आणि जिल्हा परिषदच हवी असेल, तर सरळ गावच्या सोसायटीचा फॉर्म भरायला लावा, त्याला द्राक्षाची काही गरज नाही. लागलं तर आमच्या दाजींशी गाठ घालून देतो, ते यंदा पुन्हा पॅनेलमध्ये आहेत.