गाणं ऐकवण्यासाठी पैसे भरावेत का?

प्रश्न : माझी मुलगी 20 वर्षांची आहे, मिरजेत बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गांधर्वची मध्यमा पूर्ण झाली आहे. स्वतः मराठी गाणी लिहिते, चाली लावते, घरीच रेकॉर्ड करते आणि स्पॉटिफाय, यूट्यूबवर टाकते. हल्ली प्रत्येक गाण्यामागे ‘सबमिशन’साठी, म्हणजे गाणं कुणाकडे ऐकायला पाठवण्यासाठी, पैसे मागते. सध्या तीन ठिकाणी भरायचे म्हणते. सबमिटहब आणि ग्रूव्हर या वेबसाइट, 1,200 रुपये प्रवेश फी असलेली एक ऑनलाइन स्पर्धा, आणि इन्स्टाग्रामवर मेसेज करून 2,999 रुपयांत 50,000 स्ट्रीम्सची हमी देणारा एक माणूस. मागे अशाच एकाला 1,500 रुपये दिले होते. आकडे दोन आठवडे वाढले, मग थांबले. तिचे वडील म्हणतात, हे सगळं फसवणुकीचंच आहे. नाही म्हटलं तर ती नाराज होते. द्यावेत का पैसे? – एक आई, मिरज

उत्तर :

ताई, नमस्कार.

2,999 रुपये अजिबात देऊ नका. स्पर्धेची फी भरण्याआधी तिच्या अटी वाचा. वेबसाइटवर थोडे पैसे खर्च करायला माझी हरकत नाही, मात्र मराठी गाण्यासाठी त्यांचा उपयोग मर्यादितच होईल. आता कारणं सांगते.

गांधर्वच्या परीक्षेची फी आपण भरतो, पण त्या फीमुळे परीक्षक पास करतील असं कुणी म्हणत नाही. इथेही तेच तपासायचं. पैसे गाणं ऐकून मत देण्याचे मागितले जात आहेत की निकालाचे? ऐकणाऱ्याचा वेळ जातो, त्याचा मोबदला त्याने मागितला तर त्यात गैर नाही. निकालच विकायला काढला असेल, तर तिथे गाणं कुणी ऐकणारही नाही.

इन्स्टाग्रामवरचा माणूस निकाल विकतो आहे. एवढ्या पैशांत 50,000 वेळा गाणं वाजवायचं तर ते बहुतेक वेळा यंत्रांकडून किंवा बनावट खात्यांकडूनच वाजवलं जातं. ते खरे श्रोते नसतात. मागच्या वेळचे आकडे दोन आठवड्यांत का थांबले, हे मुलीने स्वतः तपासावं. ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या सोयीत गाणं कोणत्या शहरांत ऐकलं गेलं, किती जणांनी सेव्ह केलं, फॉलोअर किती वाढले, हे सगळं दिसतं. मराठी गाणं अचानक भलत्याच देशातल्या एका शहरात हजारो वेळा वाजलं आणि सेव्ह करणारं कुणीच नसेल, तर काय झालं ते तिलाच कळेल. तुम्ही समजावण्यापेक्षा तिने ते आकडे पाहिलेले बरे.

यात नुसते पैसे जात नाहीत. बनावट स्ट्रीम्स आढळले की स्पॉटिफाय ते मोजत नाही. उघडउघड बनावट असतील तर 2024 पासून वितरकाकडून, म्हणजे गाणं स्पॉटिफायवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, दंडही घेतो, आणि वितरक तो कलाकाराकडून वसूल करू शकतो किंवा गाणंच काढून टाकू शकतो. तिने महिनोन् महिने राबून केलेलं गाणं दुसऱ्याच्या बनावटगिरीपायी नाहीसं व्हावं, हे मला फार अन्यायाचं वाटतं. स्पॉटिफायच्या संपादकांच्या प्लेलिस्टमध्ये पैसे देऊन जागा मिळत नाही, हे कंपनीने स्वतः स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘आतली ओळख आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सबमिटहब आणि ग्रूव्हरची गोष्ट निराळी आहे. सबमिटहब 2015 पासून चालू आहे आणि ग्रूव्हर ही फ्रान्समधली कंपनी आहे. प्लेलिस्ट करणारे, ब्लॉग लिहिणारे, रेडिओवाले यांच्याकडे तिथून गाणं पाठवता येतं. ग्रूव्हरवर साधारण एका माणसामागे 2 युरो लागतात. त्याने सात दिवसांत ऐकून उत्तर द्यायचं, नाही दिलं तर ते पैसे वेबसाइटवरच्या क्रेडिटच्या रूपात परत मिळतात. निवडीची हमी दोन्हीकडे नाही, म्हणून मी त्यांना फसवणूक म्हणणार नाही. तिच्या वडिलांनाही एवढं जरूर सांगा.

पण हिशेब करून बघा. 20 जणांना पाठवलं तर 40 युरो, म्हणजे 4,000 रुपयांच्या आसपास झाले, शिवाय परकीय चलनात पैसे भरल्याबद्दल बँक वर आणखी घेते. भारतातल्या एका स्ट्रीममागे कलाकाराच्या हाती रुपयाचा अगदी छोटा अंश पडतो. त्यातही, मागच्या 12 महिन्यांत एखाद्या गाण्याचे 1,000 स्ट्रीम्स झाले नसतील, तर 2024 पासून स्पॉटिफाय त्या गाण्याचे काहीच पैसे देत नाही. म्हणजे हा खर्च स्ट्रीम्समधून भरून निघणार नाही, हे धरूनच चाला.

खरी अडचण भाषेची आहे. या वेबसाइटवरचे बहुतेक क्युरेटर, म्हणजे गाणी निवडणारे, युरोप-अमेरिकेतले. त्यांचे श्रोते इंडी पॉप, इलेक्ट्रॉनिक, लो-फाय असलं काही ऐकायला येतात. तुमच्या मुलीच्या गाण्यात शब्दांना महत्त्व आहे असं पत्रावरून दिसतं. मिरजेच्या मुलीने मराठीत लिहिलेल्या ओळी ज्याला कळतच नाहीत, तो त्या गाण्याला न्याय कसा देणार? त्याने दिलेला नकार हा गाण्यावरचा निकाल नसतो. पण विशीतली मुलगी तो तसाच घेते, आणि एका आठवड्यात असे 20 नकार आले की लिहिणंच थांबतं. मला पैशांपेक्षा याची काळजी जास्त वाटते. तिने नुसत्या वाद्यांची रचना केली असेल तर तिथे जरूर पाठवावी. मराठी गाणं पाठवायचं तर आधी क्युरेटरची प्लेलिस्ट उघडून ऐकावी. भारतीय भाषांतली गाणी त्यात असतील, तरच पाठवावं. सबमिटहबवर कोण किती टक्के गाणी स्वीकारतो हे दिसतं, तेही बघावं. एका गाण्याला चार-पाच माणसं पुरे, आणि वर्षाला 2,000 रुपयांच्या वर जाऊ नये. ही मर्यादा तिलाच ठरवू द्या. तुम्ही घातली तर ती बंधन वाटेल.

स्पर्धेचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून काय पाहायचं तेवढं सांगते. परीक्षक कोण, त्यांची नावं जाहीर आहेत का, मागच्या वर्षीचे विजेते आज कुठे गातात? आणि सर्वांत महत्त्वाचं, पाठवलेल्या गाण्याचे हक्क कोणाकडे राहतात? ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं वाक्य असेल तर फी 10 रुपये असली तरी भरू नका. गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीच्या हक्काला कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे. ती स्वतः लिहिते आणि चाल लावते, म्हणजे दोन्ही नात्यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसची सभासद होऊ शकते. ते काम तिने स्पर्धेच्या आधी करावं.

फारसे पैसे न भरता होणारी दोन कामं तिच्या हातात आहेत, आणि मला तीच अधिक मोलाची वाटतात. पहिलं, ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून संपादकांकडे गाणं विनामूल्य पाठवता येतं. गाणं अजून प्रसिद्ध झालेलं नसावं, आणि निदान सात दिवस आधी पाठवावं, म्हणजे ते फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्येही जातं. तिथे भाषा, वाद्यं, भाव नोंदवता येतात. बरीच मुलं गाणं आधी टाकून मोकळी होतात आणि मग ही संधी उरत नाही.

दुसरं काम आकाशवाणीचं. सांगली आणि कोल्हापूर, दोन्ही केंद्रं तुमच्यापासून जवळ आहेत. सुगम संगीताच्या ऑडिशनची चौकशी करा. ऑडिशनला थोडं शुल्क असतं, पण ऐकणारे जाणकार असतात, उत्तीर्ण झाल्यावर श्रेणी मिळते आणि पुढे गाण्याचे मानधनही मिळते. शिवाय मराठी शब्द कळणारे लोक ऐकतात. मध्यमा पूर्ण केलेल्या मुलीचा गळा तयार असणार, तेव्हा तिने तिथे बिचकू नये. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात कॉलेजतर्फे उतरते का, हेही विचारा.

उरलेल्या पैशांतून रेकॉर्डिंगकडे बघा. घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये शब्द नीट ऐकू येत नसतील, तर एका गाण्याचं मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा मेळ, जाणकाराकडून करून घेण्यावर केलेला खर्च मी आनंदाने मान्य करीन. त्याच्या शेजारी बसून तिने ते कसं होतं हे पाहावं, म्हणजे पुढची गाणी ती स्वतः करू लागेल.

इन्स्टाग्रामवरच्या माणसाला पैसे आधीच दिले असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. आणि त्याला तिच्या स्पॉटिफाय किंवा वितरकाच्या खात्याचा पासवर्ड दिला आहे का, हे आजच विचारा. दिला असेल तर आधी तो बदलायला सांगा.