आठवड्यातून दोन-तीनदाच नॉनव्हेज होतं, प्रोटीन पुरतं का?

पुरू शकतं, पण ते रविवारच्या मटणावर नाही, बाकीच्या वारांवर ठरतं. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार 'खायचे'. त्यात चतुर्थी आली की एक वार गळतो, श्रावणात तर महिनाभर बंद. शरीर प्रोटीन साठवून ठेवत नाही, त्यामुळे रविवारी चापलेलं गुरुवारी उपयोगी पडत नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. १०० ग्रॅम चिकनमध्ये २० च्या वर, एका अंड्यात ६, वाटीभर घट्ट वरणात ६-७. घट्ट म्हटलंय हं! डब्यात जे पिवळं पाणी जातं ते धरू नका. चपातीतून प्रत्येकी ३ च्या आसपास मिळतं, ते लोक मोजतच नाहीत.

मासे खाणाऱ्यांसाठी: ओल्या बोंबलात बहुतांश पाणीच असतं, त्यामानाने बांगडा भारी. सुका जवळा तर स्वस्तात मस्त.

खरी गोची उपासाच्या दिवशी. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य. खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. तेव्हा कूट सढळ हाताने घाला, सोबत वाटीभर दही. एरवी रोज मटकी-चवळीची उसळ किंवा दोन अंडी ठेवलीत तर पावडरच्या डब्याची गरज नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.