संध्याकाळी नुसतं बसलं तर चालेल का?

प्रश्न : मी ठाण्यात एका शाळेत शिकवते. वय ४७. घरी सासूबाई, नवरा आणि दहावीतला मुलगा. शाळेतून आले की गॅलरीत थोडा वेळ नुसतं बसावंसं वाटतं. पण बसले की आपण आळशीपणा करतोय असं मनात येतं. मग मेथी निवडायला घेते, नाहीतर मोबाइल. सासूबाई आतून विचारतात, "बरं नाही का गं?" रात्री पाठ टेकली की मात्र डोक्यात चक्रं सुरू होतात. ताई, नुसतं बसल्यानं मनाला खरंच फायदा होतो, की हे रिकामटेकडेपणाचं कौतुक आहे?

उत्तर : होतो. तुम्ही बसायलाच हवं, असं मी ठामपणे सांगते.

सासूबाईंनी विचारलं ते काळजीपोटीच. पण आपल्या घरांत बाईनं कामाच्या वेळी टेकायचं तर कारण लागतं : ताप, कंबर, पाळी. धडधाकट बाई हात रिकामे ठेवून बसली की घर चुळबुळतं, आणि घराच्या आधी ती स्वतः. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी जणी खुर्चीच्या कडेला बसतात, पर्सचा पट्टा मुठीत धरून. आत्ता उठायचंय, अशाच. तास संपत आला की कुठे त्यांची पाठ खुर्चीला लागते.

तुम्ही बसता तेव्हा मेंदू बसलेला नसतो. वजनानं तो शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराची वीसेक टक्के ऊर्जा खातो आणि आपण काही करत नसतानाही हा खर्च फारसा उतरत नाही. मार्कस रेकल या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञानं २००१ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं, की मेंदूतले काही भाग हातात काम असताना मंदावतात आणि स्वस्थ बसलं की पुन्हा जोमानं चालू होतात. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, समोरचा असं का बोलला असेल याचा विचार, हे या भागांचं काम. दिवसभर तास, वह्या, रिक्षा, डबे आणि उरलेल्या फटीत मोबाइल. मग या कामाला वेळ मिळणार कधी? ते उशीवर डोकं ठेवल्यावर येऊन उभं राहतं. तुमच्या रात्रीच्या चक्रांचं एक कारण मला इथे दिसतं.

सुरुवातीला बसवणार नाही, हेही सांगून ठेवते. व्हर्जिनिया विद्यापीठातला २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. माणसांना एका खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. सोबत फक्त विजेचा सौम्य झटका देणारं बटण. हा झटका टाळायला आपण पैसेही मोजू, असं या लोकांनी आधी सांगितलेलं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते बटण दाबलं! तेव्हा पाचव्या मिनिटाला तुमचा हात मेथीच्या जुडीकडे गेला, तर तो तुमचा दोष नाही.

वेळ ठरवा आणि घरात सांगून टाका : सहा ते सव्वासहा मी गॅलरीत आहे. मोबाइल आत, चार्जिंगला. श्वास मोजायचे नाहीत, जपही नको. तो ज्याच्या त्याच्या जागी चांगलाच, पण इथे तेही एक काम होऊन बसतं. रस्त्यावरची भाजीची गाडी बघा, समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघा. "पीएफचा फॉर्म राहिला" असं आठवलं तर कागदावर खरडा आणि पुन्हा बघत बसा. मेथी हवीच असेल तर चालेल, पण घाई न करता. उद्याच्या डब्याचा हिशेब तिच्यात नको.

आणि सव्वासहानंतर तुंबलेलं काम दुप्पट वेगानं उरकायचं असेल, तर त्या बसण्यातून काही मिळणार नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. तुमची पंधरा मिनिटं या फरकातूनच काढायची आहेत. दहावीतल्या मुलाला कुकर लावता येतो. नवऱ्यालाही येतो. सासूबाईंना सांगा, "बरी आहे मी, जरा टेकलेय." आठ-दहा दिवसांत त्या विचारायच्या थांबतील. एखादे दिवशी शेजारची खुर्चीही ओढतील.

प्रश्न : आई गेल्यापासून, म्हणजे सहा महिने, वडील (वय ६८) खुर्चीत बसून असतात. पेपर उघडत नाहीत, जेवण निम्म्यावर आलंय. लोक म्हणतात, आयुष्यभर राबलेत, बसू द्या निवांत. बसू द्यावं का?

उत्तर : नाही. निवांत बसलेला माणूस हाक मारली की ओ देतो, चहा समोर आला की त्याला बरं वाटतं. तुमच्या वडिलांचं बसणं तसं दिसत नाही. आवडीचं काहीच नको वाटणं आणि भूक मरणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर नैराश्याची तपासणी करून घ्यावी. या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. तोवर सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. ती चोवीस तास चालते आणि मोफत आहे. नैराश्यात रिकामा वेळ तेच ते दुःख उगाळण्यात जातो, म्हणून तिथे उपचार उलटा असतो : छोटी, ठरलेल्या वेळेची कामं. "बाबा, तुम्ही जाऊन या" म्हणू नका. उद्या सकाळी दूध आणायला निघाल तेव्हा त्यांच्या चपला दारात काढून ठेवा आणि त्यांना सोबत घेऊन जा.