‘विशेष’ सरकारी वकील म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : मोठा गुन्हा घडला की लगेच ‘विशेष सरकारी वकील नेमा’ अशी मागणी होते. मग कोर्टात रोज उभे राहतात ते सरकारी वकील कमी दर्जाचे असतात का? आणि पीडिताच्या घरच्यांना आपल्या पसंतीचा वकील मिळतो का?

उत्तर : अहो, दर्जाचा इथे काही संबंध नाही. ‘विशेष’ म्हणजे फक्त एवढंच की नेमणूक ठराविक खटल्यापुरती किंवा ठराविक प्रकारच्या खटल्यांपुरती आहे, ते काम संपलं की नेमणूक संपली. गैरसमज होतो तो अनुभवाच्या अटीमुळे, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम १८ मध्ये जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला ७ वर्षं वकिली पुरते आणि विशेषला १० लागतात, मग लोकांना वाटतं हा वरचा साहेब. पण पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, विशेष सरकारी वकिलालाही ७च वर्षं लागतात, आता बोला! तसंच ‘अतिरिक्त’ सरकारी वकिलाचं, तो काही जादाचा माणूस नसतो, सेशन्स कोर्टात पूर्ण खटला चालवतो. ‘सहायक’ सरकारी वकील मॅजिस्ट्रेट कोर्टात दिसतात आणि तिथे रोज किती केसेस असतात ते जाऊन बघा, त्यांना कमी लेखणं मला अजिबात पटत नाही.

आता घरच्यांचं. अर्ज जरूर करा, पण नेमणूक सरकारच करतं आणि फिर्यादीने मागितला म्हणून सरसकट विशेष वकील द्यायचा नाही, मागणीमागचं कारण तपासून ठरवायचं, असं सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये मुकुल दलाल केसमध्ये सांगितलंय. म्हणून अर्जात नुसतं ‘न्याय मिळावा’ लिहू नका, या खटल्यात अवघड काय आहे ते लिहा. आणि नेमला तरी तो तुमचा वकील नसतो हं, तो सरकार पक्षातर्फे उभा असतो, आरोपीच्या फायद्याचा पुरावा असला तरी त्याने तो दडवायचा नसतो.

स्वतःचा वकील हवा असेल तर कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो, मात्र साक्षीदाराची उलटतपासणी तो स्वतः घेऊ शकत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. त्याने प्रश्न सरकारी वकिलाला सुचवायचे, आणि पुरावा संपल्यावर कोर्टाने परवानगी दिली तर लेखी युक्तिवाद द्यायचा.